अंगणातला जागल्या

शहराच्या कडेला नव्याने वसलेल्या वसाहतीत रात्री उशिरा घरी परतणाऱ्या माणसाला अलीकडे एक अनुभव हमखास येतो. फाटकाची कडी काढून तो आत पाऊल टाकतो, तोच कोणी बटण न दाबता ओसरीवरचा दिवा लागतो. पायऱ्या दिसतात, कुलपाचे भोक दिसते, दारापाशी पडलेली चप्पल दिसते. माणूस आत जातो, दार लावून घेतो, आणि दीड-दोन मिनिटांनी अंगण पुन्हा अंधारात बुडते. मध्यरात्री मांजर कुंपणावरून उडी मारते, तेव्हाही तोच दिवा तशाच तत्परतेने जागा होतो. कुलूप तोडण्यासाठी कोणी आला, तरी त्याचेही स्वागत तो तेवढ्याच उजेडाने करतो.

वस्तू तशी क्षुल्लक. भिंतीवर बसवलेली मुठीएवढी डबी, तिच्या तोंडावर दुधी प्लास्टिकचा फुगीर पडदा आणि शेजारी एक दिवा. परंतु तिच्यावर सोपवलेले काम फार जुने आहे. घरातली माणसे झोपलेली असताना कोणी तरी जागे राहावे आणि आलेल्या-गेलेल्याची दखल घ्यावी, ही गृहस्थाची गरज दिव्याहूनही जुनी असावी. ते काम आजवर कोणी केले, कशाच्या बळावर केले आणि ते एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे जाताना समाजाने काय मिळवले व काय गमावले, हे पाहू गेले तर ओसरीवरच्या त्या डबीमागे एक मोठा इतिहास उभा असलेला दिसतो.

महाराष्ट्रातल्या खेड्यांत हे काम जागल्याकडे असे. कोठे महार, कोठे रामोशी, कोठे भिल्ल, तर कोठे मांग हे काम वंशपरंपरेने करीत आणि त्याबद्दल गावाकडून त्यांना बलुते मिळे, क्वचित जमीनही मिळे. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली दख्खनच्या मुलखासंबंधी जो प्रसिद्ध अहवाल सादर केला, त्यात या गावराखणदाराच्या कर्तव्यांचे वर्णन आहे. रात्री पहारा करावा, गावात कोण आले व गावातून कोण गेले याची माहिती ठेवावी, परक्या माणसावर नजर असावी, आणि गावातल्या प्रत्येक माणसाचा स्वभाव व चालचलणूक ठाऊक असावी, अशी त्याच्याकडून अपेक्षा होती. चोरी झालीच, तर चोराच्या पावलांचा माग काढीत त्याने शिवेपर्यंत जायचे आणि माग पलीकडच्या गावात शिरलेला दिसला की तो त्या गावच्या राखणदाराच्या हवाली करायचा. मग जबाबदारी त्या गावाची. माग मध्येच हरवला, तर झालेल्या नुकसानीचा भार राखणदारावर आणि गावावर पडे.

या व्यवस्थेत दिव्याला फारसे स्थान नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जागल्याच्या हाती दिवटी असलीच तर ती वाटेतला काटा-विंचू दिसावा म्हणून. त्याचे खरे साधन ओळख हे होते. पावलाच्या आवाजावरून, खोकल्यावरून, कुत्रा कोणत्या सुरात भुंकतो त्यावरून त्याला माणूस कळे. “कोण आहे?” असा हाळीवजा प्रश्न तो अंधारात टाकी, आणि येणाऱ्या उत्तरातल्या शब्दांपेक्षा आवाजावर त्याचा भरवसा अधिक असे.

अशा ओळखीवर उभ्या असलेल्या रखवालीला दोन मर्यादा होत्या. पहिली अशी की, ओळख ठेवणारा माणूस स्वतः गावाच्या कडेलाच राही. ज्याच्या भरवशावर गाव झोपे, त्याला गावात बरोबरीचे स्थान नसे. राज्य बदलले तेव्हा या विसंगतीची किंमत त्यालाच मोजावी लागली. किल्ल्यांच्या राखणीचे जुने हक्क गेले, उत्पन्न गेले, आणि त्या असंतोषातून पुरंदरच्या परिसरात उमाजी नाईकाचे बंड उभे राहिले. १८३२ साली पुण्यात त्याला फाशी देण्यात आले. पुढे १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ साली त्याची व्याप्ती वाढवली. देशभरातल्या अनेक जमातींवर त्याने जन्मतःच संशयाचा शिक्का मारला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. त्यानंतर ज्या समाजांना ‘विमुक्त’ म्हणण्यात येऊ लागले, त्यांच्या महाराष्ट्रातील यादीत रामोशी समाजाचेही नाव आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी राखण केली, त्यांच्याकडेच चोर म्हणून पाहिले गेले, हे या इतिहासातले सर्वांत कटू पान होय.

दुसरी मर्यादा लोकसंख्येची. शंभर उंबऱ्यांच्या गावात सर्वांना ओळखणारा माणूस मिळू शकतो. पेठा वाढत गेलेल्या नगरात तो कोठून मिळणार? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे असेच फुगत चाललेले शहर होते. तेथे ओळखीची जागा कोतवालाच्या हुकुमाने घेतली. रात्री तोफ झाली की रस्त्यावर विनाकारण आढळणाऱ्याला गस्तवाले धरीत. जो ओळखता येत नाही, तो संशयित, इतका हा सोपा न्याय होता. घाशीराम सावळदास १७७७ पासून पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली त्याच्या माणसांनी धरून आणलेल्या तेलंगी ब्राह्मणांना एका कोंदट जागेत रात्रभर कोंडले आणि त्यांतले अनेकजण गुदमरून मेले. शहर खवळले आणि जमावाने घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. ही घटना एका क्रूर अंमलदाराची म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्यातून आणखी एक गोष्ट दिसते. पहारेकऱ्याची ओळख संपली आणि अधिकार मात्र उरला, म्हणजे रात्रीची रखवाली किती भयंकर होऊ शकते, ती ही गोष्ट.

मोठ्या नगरांपुढला हा प्रश्न युरोपातही होताच. तेथे त्याला शोधलेले उत्तर दिव्याचे होते. प्रत्येकाला ओळखता येत नसेल, तर निदान प्रत्येकजण दिसला तरी पाहिजे, असे ते उत्तर. १६६७ साली चौदाव्या लुईने ला रेनी नावाच्या अधिकाऱ्याकडे पॅरिसच्या पोलिसांची सूत्रे दिली, आणि त्याच सुमारास शहरातल्या रस्त्यांवर मेणबत्तीचे कंदील टांगले गेले. प्रारंभी ते हिवाळ्याच्या महिन्यांपुरतेच लागत. दोनच वर्षांनी ॲम्स्टरडॅममध्ये यान व्हान देर हेडन या चित्रकाराने आखलेली तेलाच्या दिव्यांची योजना अमलात येऊ लागली. लंडनमध्ये दारापुढे कंदील लावण्याची सक्ती घरमालकांवर होती. रात्री बाहेर पडणाऱ्या सुखवस्तू माणसापुढे मशाल घेऊन चालणारी गरीब पोरेही तेथे भाड्याने मिळत. त्यांतली काही पोरे गिऱ्हाइकाला नेमकी दरोडेखोरांच्या गल्लीत नेऊन सोडतात, अशी त्यांच्याविषयी वदंता होती. उजेड विकत घेता आला, तरी उजेड धरणाऱ्यावरचा भरवसा विकत घेता येत नाही, हे लंडनकरांनी त्या काळीच अनुभवले.

पॅरिसमध्ये दिवा आणि पोलीस हे एकाच खात्याचे दोन हात झाल्यामुळे तेथे कंदील फोडणे हा गंभीर गुन्हा ठरला. १८३० साली पॅरिसमध्ये उठाव झाला तेव्हा लोकांनी रस्त्यावरचे दिवे फोडले, ते केवळ नासधुशीच्या आवेशात नव्हे. दिव्याखाली उभा असलेला माणूस दिसतो आणि अंधारात उभा असलेला पाहणारा दिसत नाही, हे त्यांनी ओळखले होते. रखवालीच्या दिव्याचा हा दुहेरी स्वभाव तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

१८०७ च्या जानेवारीत फ्रेडरिक विन्सर याने लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर दगडी कोळशाच्या वायूचे दिवे लावून दाखवले, आणि मेणबत्ती व तेल मागे पडू लागले. पन्नास वर्षांनी, १८५७ साली, हे वायुदीप कलकत्त्याच्या रस्त्यांवर आले आणि त्यापुढच्या दशकात मुंबईतही लागले. संध्याकाळी खांद्यावर शिडी टाकून खांबाखांबापाशी थांबणारा बत्तीवाला हा पुढे अनेक वर्षे मुंबईच्या जीवनाचा भाग होता. दिवा आता नगरपालिकेचा झाला होता, पण तो लावायला व विझवायला माणूसच लागे. म्हणूनच अनेक नगरपालिका पंचांगाकडे पाहून दिवे लावीत. चांदणी रात्र असली म्हणजे दिव्यांना सुटी. आभाळ भरून आले, तर नागरिकांनी अंधारात ठेचाळावे.

विजेने या हिशेबातला माणूस काढून टाकला. १८८२ च्या सप्टेंबरात एडिसनचे वीजकेंद्र न्यूयॉर्कच्या पर्ल रस्त्यावर सुरू झाले. कलकत्त्यात १८९९ साली सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला, आणि १९०५ साली शिवसमुद्रच्या धबधब्यावरील विजेने बंगळूरचे रस्ते उजळले. मुंबईला १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत्‌केंद्राची वीज मिळू लागली. या मोठ्या घटनांच्या ओळीत एक छोटी घटना सहसा सांगितली जात नाही. सुरुवातीच्या बटणांत पाती सावकाश विलग होत, मधल्या फटीत ठिणगी पेटे आणि धातू जळून जाई. इंग्लंडातल्या न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स याने १८८४ साली स्प्रिंगच्या जोराने खटकन उघडझाप करणारे बटण तयार केले. त्यामुळे दिवा लावणे ही घरातल्या कोणालाही, अगदी लहान मुलालाही, निर्धास्तपणे करता येण्याजोगी गोष्ट झाली. अंगणातल्या दिव्याचा खरा इतिहास या खटक्यापासून सुरू होतो. कारण पुढला सगळा प्रश्न, हे बटण दाबायचे कोणी, एवढाच उरला.

मालकाने दाबायचे म्हटले, तर तो झोपलेला. म्हणून पुष्कळ घरांत बाहेरचा दिवा सांजेपासून उजाडेपर्यंत जळत ठेवण्याची चाल पडली. वीज महाग, त्यामुळे तो दिवा मंद. शिवाय रोज जळणाऱ्या दिव्याची सर्वांनाच सवय होते, तशी चोरालाही होते. आणि गावाला गेलेल्या कुटुंबाच्या ओसरीवर भर दुपारी जळणारा दिवा तर घर रिकामे असल्याची दवंडीच पिटतो. सतत जागा असणारा पहारेकरी आणि झोपी गेलेला पहारेकरी यांत फार अंतर राहत नाही. चाहूल लागताच उठणारा दिवा हवा होता.

चाहूल विजेने टिपण्याचा प्रयत्न तसा आधीच झाला होता. अमेरिकेत ऑगस्टस पोप याने १८५३ साली दारे-खिडक्यांना तारा जोडून, त्या उघडताच घंटा वाजवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. पण ही घंटा चोर दारात आल्यावर वाजे, अंगणात असताना नव्हे. पुढे शंभरहून अधिक वर्षांनी, १९६६ साली, न्यूयॉर्कमधल्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेने पतीच्या साहाय्याने वेगळ्याच यंत्रणेच्या पेटंटसाठी अर्ज केला. तिच्या कामाच्या वेळा अवेळी, वस्तीत गुन्हे पुष्कळ आणि बोलावले तर पोलीस उशिरा येत. तिने दाराला वेगवेगळ्या उंचीवर झरोके ठेवले, त्यांतून पाहणारा कॅमेरा बसवला आणि बाहेरच्या माणसाचा चेहरा आत दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दिसेल अशी सोय केली. १९६९ साली तिला पेटंट मिळाले. दाराबाहेर कोण आहे हे दार न उघडता कळावे, एवढीच तिची मागणी होती. जागल्याचा तो जुना प्रश्नच एका एकट्या स्त्रीने यंत्राला विचारायला लावला होता.

अंगणातल्या दिव्याने मात्र चेहऱ्याचा मार्ग धरला नाही, त्याने उबेचा मार्ग धरला. हा मार्ग शोधणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात चोर नव्हता. १८०० साली विल्यम हर्शेल हा ज्योतिषशास्त्रज्ञ लोलकातून पडलेल्या सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यातील रंगांची उष्णता मोजत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे ठेवलेल्या उष्णतामापकाचा पारा सर्वांत अधिक चढला. दृष्टीच्या कक्षेबाहेरही किरण असतात, हे त्या पाऱ्याने सांगितले. पुढे १८३० नंतरच्या वर्षांत इटलीच्या मेलोनी याने नोबिलीच्या साहाय्याने असे साधन सिद्ध केले की, काही मीटर दूर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगच्या उष्णतेनेही त्याचा काटा हाले. अमेरिकन शास्त्रज्ञ लँगली याने १८८० च्या सुमारास केलेल्या उपकरणाला तर पाव मैलावरच्या गायीची ऊब कळते, असे कौतुकाने सांगितले जाई.

या शोधाला एक दुसरा धागा येऊन मिळाला, तो सिंहलद्वीपाचा. अठराव्या शतकाच्या आरंभी डच व्यापाऱ्यांनी तेथून टूर्मलीन नावाचे रत्न युरोपात नेले. गरम झाले की हा खडा राख ओढून घेतो, म्हणून त्यांनी त्याला ‘राख ओढणारा’ असेच नाव दिले होते. १७५६ साली एपिनस याने दाखवून दिले की, ही ओढ विजेची आहे. तापमान बदलले की स्फटिकाच्या दोन टोकांवर परस्परविरोधी विद्युत्‌भार प्रकट होतात. १८२४ साली ब्रूस्टर याने या गुणधर्माला नाव दिले, त्याला मराठीत तापविद्युत म्हणता येईल. यातला ‘बदल’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्फटिक नुसता गरम असून भागत नाही. त्याची ऊब बदलते, त्या क्षणीच तो बोलतो, आणि बदल थांबला की गप्प होतो. स्थिर वस्तूकडे दुर्लक्ष करून हलणाऱ्या वस्तूची दखल घेणारा पहारेकरी निसर्गातच दडलेला होता.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुख्यतः १९७० नंतर, कृत्रिम स्फटिकांचे व चिनी मातीसारख्या भाजलेल्या द्रव्यांचे असे संवेदक स्वस्तात तयार होऊ लागले आणि ओसरीवरची डबी जन्माला आली. माणसाच्या त्वचेचे तापमान साधारण तेहतीस अंश सेल्सियस असते. तेवढ्या उबेतून जे किरण बाहेर पडतात, त्यांतल्या सर्वांत प्रबळ किरणांची लहर तांबड्या प्रकाशाच्या लहरीहून तेरा-चौदा पट लांब असते. त्याच टापूतले किरण आत घेणारी खिडकी संवेदकावर बसवलेली असते. आत तापविद्युत द्रव्याचे दोन तुकडे उलटसुलट जोडलेले असतात. सगळी हवा एकदमच तापली किंवा निवली, तर दोघांचे विद्युत्‌भार एकमेकांना खोडून काढतात. माणूस आडवा चालत गेला, तर त्याची ऊब आधी एका तुकड्यावर व मग दुसऱ्यावर पडते, तोल जातो, आणि दिव्याचा खटका मिटतो. सरळ संवेदकाच्या रोखाने येणारा माणूस त्याला उशिरा कळतो, त्याचे कारणही हेच.

डबीच्या तोंडावरचा दुधी पडदा दिसायला साधा, पण त्याचे घराणे मोठे आहे. फ्रान्सच्या ऑग्युस्तँ फ्रेनेलने दीपगृहांसाठी काचेच्या पायऱ्यापायऱ्यांचे जे भिंग कल्पिले, ते १८२३ साली झिरोंद नदीच्या मुखावरील कोर्दुआँच्या दीपगृहात प्रथम बसले. एका ज्योतीचा विखुरणारा प्रकाश गोळा करून दूर समुद्रात फेकणे, हे त्याचे काम. आज तीच रचना प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर कोरून उलट दिशेने वापरतात. अंगणभर विखुरलेली ऊब गोळा करून ती एका लहानशा स्फटिकावर आणायची. ज्या भिंगाने खलाशांना किनारा दाखवला, तेच आता किनाऱ्यावर बसून येणाऱ्याची वाट पाहते.

काही दिव्यांत उबेऐवजी सूक्ष्म विद्युतलहरी सोडून त्यांचा परतणारा प्रतिध्वनी तपासतात. अशा आखूड लहरी भिंतीतून पार जातात, हे जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात दूरवरची घंटा वाजवून लोकांना दाखवले होते. म्हणूनच या प्रकारचा दिवा कधी कधी भिंतीआडच्या हालचालीनेही फसतो.

आता तो घरी बसवण्याविषयी. संवेदक आला तरी त्याला साजेसा दिवा बराच काळ नव्हता. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याला पूर्ण तेजावर यायला काही मिनिटे लागत, आणि वारंवार उघडझाप केली तर नळीदिव्याचे आयुष्य घटे. राहता राहिला तापणाऱ्या तारेचा हॅलोजन दिवा, तो शेकडो वॅट खाई. निळा प्रकाश देणाऱ्या अर्धवाहक दिव्याच्या शोधामुळे पांढरा एलईडी दिवा शक्य झाला, आणि त्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात २०१५ च्या ‘उजाला’ योजनेनंतर हे दिवे घरोघर पोहोचले. क्षणात पेटणारा आणि दहा-वीस वॅटवर अंगण उजळणारा दिवा मिळाला, तेव्हा कोठे हा जागल्या सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आला.

जोडणी अवघड नाही, पण ती निष्काळजीपणाला क्षमा करीत नाही. फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा संवेदकाकडे जातात, आणि संवेदकाची तिसरी तार दिव्याला फेज पुरवते. न्यूट्रल दिव्याला सरळ मिळते. जुन्या घरांत, जेथे सागवानी पट्टीवर क्लिपांत बसवलेल्या तारा अजून दिसतात, तेथे बटणाच्या पेटीत बहुधा न्यूट्रल नसतेच. मग दोन तारांवर चालणारा संवेदक लावण्याचा मोह होतो. तो स्वतःपुरता किंचित प्रवाह दिव्यातूनच ओढतो, आणि बंद असलेला एलईडी दिवा रात्रभर भुतासारखा मिणमिणतो. कित्येकदा खटका चुकून न्यूट्रलवर पडतो. दिवा विझतो खरा, पण त्याच्या होल्डरमधली फेज जागीच राहते, आणि दिवा बदलण्यासाठी शिडीवर चढलेल्या माणसाला तो ‘बंद’ दिवा झटका देतो. बाहेरच्या दिव्यावर पाऊस पडतो, म्हणून केबल खालून आत घ्यावी आणि आत शिरण्यापूर्वी तिला थोडा झोळ द्यावा. पाणी त्या झोळावरून टपकून जाते. धातूच्या दिव्याला अर्थिंग असावेच, आणि मुख्य फलकावर तीस मिलिअँपिअर गळतीवर तुटणारा सुरक्षा-खटका असावा. माणसाच्या शरीरातून किती विजेचा प्रवाह गेला असता काय होते, याचा अभ्यास करणाऱ्या चार्ल्स डॅल्झिएल याने १९६१ साली अमेरिकेत अशा साधनाची रचना केली. त्या अभ्यासावर आज असंख्य घरांची सुरक्षा अवलंबून आहे. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी घरातले वायरिंग परवानाधारक ठेकेदाराकडून करून घेण्याचे बंधन घातले, त्यामागेही हीच जाणीव होती. चोरापासून रक्षण करायला लावलेल्या दिव्याने घरच्या माणसाचाच जीव घेऊ नये.

जागेची निवडही महत्त्वाची. जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंची, येणारा आडवा ओलांडेल असा कोन, आणि समोर वातानुकूलकाचा गरम झोत किंवा हलणारी फांदी नको. नागपूरकडच्या मे महिन्यात भिंती व फरशा रात्रीपर्यंत अंगाइतक्याच तापलेल्या राहतात. मग माणसाची ऊब त्यांच्यात मिसळून जाते आणि संवेदकाची नजर आखूड होते. दिव्याचे तोंड खाली झुकवलेले असावे. समोर रोखलेला प्रखर झोत शेजाऱ्याची झोप मोडतो, घरमालकाचे डोळे दिपवतो आणि त्याच्या कडेला पूर्वीपेक्षा गडद अंधार तयार करतो. उजेडाने गुन्हे किती घटतात, याबद्दल झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परंतु एका गोष्टीबद्दल वाद संभवत नाही. दिवा लागला आणि पाहणारे कोणीच नसले, तर तो चोरालाही कामापुरता उजेड देतो.

जागल्याला माणूस ओळखू येई. कंदिलाने निदान माणूस दाखवला, आणि तो ओळखण्याचे काम इतरांवर सोपवले. स्फटिक माणूस दाखवण्यापूर्वी केवळ ‘काही तरी उबदार हलले’ एवढेच सांगतो. यंत्र प्रत्येक पायरीला अधिक तत्पर झाले, आणि प्रत्येक पायरीला त्याचे ज्ञान कमी झाले. हा यंत्राचा दोष नव्हे. उलट त्याचा एक गुणही आहे. त्याला जात ठाऊक नाही, फाटका सदरा ठाऊक नाही, कोणत्याही यादीत कोणाचे नाव आहे हे ठाऊक नाही. घरमालक आणि पहाटेचा दूधवाला, परीक्षेहून उशिरा परतलेली मुलगी आणि रस्ता झाडायला निघालेली बाई, सर्वांसाठी तो सारखाच लागतो.

भेद करण्याचे काम अजूनही खिडकीच्या आत उभ्या असलेल्या माणसाकडेच आहे. त्या उजेडात थबकलेला अनोळखी इसम चुकलेला वाटसरू आहे, भेदरलेला मजूर आहे की घरफोड्या, हे दिवा सांगणार नाही. ते कळण्यासाठी शेजाऱ्यांची नावे ठाऊक असावी लागतात, वसाहतीच्या रखवालदाराशी कधी तरी दोन शब्द बोललेले असावे लागतात, आणि घाशीरामाच्या गस्तीप्रमाणे प्रत्येक अपरिचिताला अपराधी न ठरवण्याइतका धीर असावा लागतो. दिवा लागला, म्हणजे त्याचे काम संपले. “कोण आहे?” हे विचारणे, आणि आलेले उत्तर ऐकून घेणे, हे काम त्यानंतर सुरू होते.